शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल



७ एप्रिल हा दिवस दर वर्षी येतो आणि आपल्या लक्षात न येताच निघून जातो. तो बहुतेक वेळा उपवासकाळात तरी येतो नाहीतर पुनरुत्थानाच्या अष्टकात तरी, त्यामुळे त्या दिवशीच्या संताचे नाव मिस्सेत फारसे ऐकू येत नाही. हे संत म्हणजे जॉन बाप्टिस्ट दे ला साल. सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून १५ मे १९५० रोजी पोप पायस बारावे यांनी त्यांना घोषित केले. आपल्याकडे डॉन बॉस्को घरोघरी ठाऊक आहेत, माटुंग्याच्या आणि बोरिवलीच्या शाळांमुळे तर नक्कीच. परंतु डॉन बॉस्कोंच्या जन्माआधी दीडशेहून अधिक वर्षे फ्रान्समध्ये जन्मलेल्या या माणसाविषयी आपल्या शिक्षकांनाही फारशी माहिती नसते, असा माझा अनुभव आहे. आपल्या धर्मग्रामात शाळेत शिकवणारे बरेच जण आहेत. कारखान्यात, बँकेत किंवा इस्पितळात नव्या लोकांना कामाचे धडे देणारेही आहेत आणि रविवारी धर्मशिक्षण देणारे तरुण-तरुणी तर आहेतच. ही कहाणी विशेषतः त्यांच्यासाठी.

जॉनचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी रीम्स शहरात झाला. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक जिथे होई ते हे शहर. वडील न्यायालयात अधिकारी, घरी सुबत्ता. जॉन सर्वांत थोरला. घरच्यांच्या अपेक्षा जणू ठरलेल्याच होत्या. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच तो रीम्सच्या कॅथिड्रलचा कॅनन झाला. कॅनन म्हणजे कॅथिड्रलमधल्या नेमून दिलेल्या प्रार्थना म्हणणारा, त्यासाठी ठरावीक उत्पन्न मिळणारा आणि शहरात मान असणारा धर्माधिकारी. पुढे तो पॅरिसच्या सेंट सुलपीस सेमिनरीत दाखल झाला, पण तिथे दोन वर्षेही पुरी झाली नाहीत. १६७१ च्या जुलैत आई वारली आणि १६७२ च्या एप्रिलमध्ये वडील. एकविशीही न गाठलेल्या जॉनला सेमिनरी सोडून घरी यावे लागले, कारण मागे सहा धाकटी भावंडे होती. त्यांचे शिक्षण, घरचा हिशोब, जमिनीचे कागद हे सर्व त्याच्या अंगावर आले. हे सांभाळत त्याने आपला अभ्यास पुरा केला. ९ एप्रिल १६७८ रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि १६८० साली ईशज्ञानातील डॉक्टर ही पदवी.

येथवरचे आयुष्य वाचले तर हा मनुष्य पुढे एखादा विद्वान महागुरू होईल असेच कुणालाही वाटेल.

१६७९ च्या मार्च महिन्यात फादर जॉन रीम्समधल्या धर्मभगिनींच्या एका मठात गेले होते. त्याच वेळी त्या मठाच्या दारात आद्रियाँ नियेल नावाचा एक गृहस्थ येऊन उभा राहिला. हा प्रापंचिक मनुष्य रुआं शहरातून आला होता. गरीब मुलांसाठी फुकट शाळा काढण्याचे काम तो करीत असे आणि तेच काम रीम्समध्ये सुरू करण्यासाठी एका श्रीमंत बाईंनी त्याला धाडले होते. फादर जॉननी त्याला आपल्या घरी उतरवून घेतले, चार जाणत्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला आणि महिन्याभरात सेंट मॉरिस धर्मग्रामात पहिली शाळा सुरू झाली. आपले काम संपले, असे त्यांना वाटले. पुढे स्वतःच त्यांनी लिहून ठेवले आहे की हे काम आपल्याला कुठे नेणार हे आधी ठाऊक असते, तर आपण त्याला हातही लावला नसता.

नियेल हा उत्साही माणूस होता, पण एका जागी टिकणारा नव्हता. एक शाळा उघडली की दुसऱ्या गावी दुसरी. मागे राहिलेले मास्तर मात्र अर्धशिक्षित तरुण होते. दुसरे काम मिळाले नाही म्हणून ते या कामात आलेले. शिकवायचे कसे हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. वर्गात गोंधळ, हाती छडी, मुले गैरहजर आणि मास्तर हताश. फादर जॉनच्या ध्यानात आले की शाळेची अडचण मुलांमध्ये नाही, ती मास्तरांमध्ये आहे, आणि मास्तरांचाही त्यात दोष नाही. त्यांना कुणीतरी हाताला धरून घडवायला हवे.

हे ध्यानात येणे सोपे होते. पुढचे सोपे नव्हते. त्यांनी आधी मास्तरांना एक घर भाड्याने घेऊन दिले, मग त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावू लागले आणि २४ जून १६८१ रोजी त्यांना आपल्या घरीच राहायला आणले. त्या काळच्या फ्रान्समध्ये ही केवढी मोठी गोष्ट होती हे आपल्याला सहज कळेल, कारण आपल्याकडेही कोण कुणाच्या पंगतीला बसतो याला अर्थ असतो. स्वतः फादर जॉननी कबूल केले आहे की सुरुवातीला या मास्तरांना ते आपल्या घरच्या नोकराहूनही खालचे समजत असत. नातेवाईक खवळले आणि धाकट्या भावांपैकी काहींना त्यांनी त्या घरातून काढून दुसरीकडे ठेवले. वर्षभराने, १६८२ च्या जूनमध्ये, फादर जॉन स्वतःच वडिलोपार्जित घर सोडून मास्तरांबरोबर एका भाड्याच्या घरात राहायला गेले. तिथले जाडेभरडे अन्न त्यांच्या घशाखाली उतरेना. तेव्हा ते इतके उपाशी राहिले की शेवटी भुकेनेच त्यांना ते अन्न खायला शिकवले, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे.

मास्तरांच्या मनात मात्र एक भीती घर करून होती. आज शाळा चालते, उद्या देणगीदाराने हात आखडला तर? म्हातारपणी काय? फादर जॉननी त्यांना देवावर भरवसा ठेवायला सांगितले आणि आकाशातील पाखरांची आठवण करून दिली. त्यावर मास्तरांनी त्यांना अगदी सरळ उत्तर दिले. तुमच्याकडे कॅननचे उत्पन्न आहे, घरची इस्टेट आहे, तेव्हा तुम्हाला असे बोलणे परवडते, आमच्याकडे काहीच नाही, असे ते म्हणाले.

बंधु-भगिनींनो, मी या प्रसंगापाशी नेहमी अडखळतो. प्रवचन देणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर कधीतरी मिळायला हवे. फादर जॉन त्यावर रागावले नाहीत. त्यांनी एका अनुभवी धर्मगुरूंना, फादर निकोलस बारे यांना, सल्ला विचारला आणि त्यांनी सर्व सोडण्याचा सल्ला दिला. १६८३ च्या ऑगस्टमध्ये फादर जॉननी कॅननपदाचा राजीनामा दिला. ते पद आपल्या भावाला देणे सहज शक्य होते आणि घरच्यांची अपेक्षाही तीच होती, परंतु त्यांनी ते एका गरीब धर्मगुरूला दिले. १६८४-८५ च्या हिवाळ्यात त्या प्रांतात मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी आपली इस्टेट विकून रोज भाकरी वाटली. तो पैसा शाळांच्या नावे ठेवावा असे त्यांच्या मनात का आले नाही, असा व्यवहारी प्रश्न कुणी विचारील. त्यांनी त्यावर बराच विचार केला होता. शेवटी जी शाळा त्यांना उभारायची होती, तिचे मास्तर आणि तिचा प्रमुख एकाच पायरीवर उभे असावेत असे त्यांना वाटले. त्यानंतर मास्तरांनी पुन्हा तो प्रश्न त्यांना विचारला नाही. याच सुमारास मास्तर स्वतःला ब्रदर म्हणवून घेऊ लागले आणि ख्रिस्ती शाळांचे बंधू हा संघ आकाराला आला.

आता त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीकडे वळू, कारण हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

त्या काळी शाळा कशी भरे ते डोळ्यांसमोर आणा. खोलीत पन्नास-साठ मुले. मास्तर एका टेबलापाशी बसलेला. तो एकेका मुलाला जवळ बोलावी, त्याचे पुस्तक पाही, दोन ओळी वाचून घेई आणि परत पाठवी. पुस्तकेही प्रत्येकाची वेगळी, घरात जे असेल ते. म्हणजे एका मुलाला दिवसात जेमतेम काही मिनिटे शिक्षण, आणि उरलेला वेळ मस्ती करणे व मार खाणे. फादर जॉन आणि त्यांच्या ब्रदरांनी ही रचनाच पालटली. मुलांचे त्यांच्या तयारीप्रमाणे गट केले, एका गटाला एकच पुस्तक दिले, आणि एक मुलगा मोठ्याने वाचीत असताना बाकी सर्वांनी त्याच ओळीवर बोट ठेवून मनात वाचायचे असे ठरवले. मास्तर मध्येच कुणालाही पुढे वाचायला सांगे. कुणाची पाळी केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळे सर्वच जागे राहत. अगदी लहान मुलांसाठी अक्षरांचे आणि जोडाक्षरांचे मोठे तक्ते भिंतीवर टांगलेले असत. आज आपल्याला यात नवीन काही वाटत नाही, कारण आपण सर्वजण अशाच वर्गात शिकलो. हे सर्व एकट्या फादर जॉनचे डोके होते असेही नव्हे. लियों शहरात फादर चार्ल्स देमिया यांनी आधीच या दिशेने काम केले होते. परंतु प्रयोग करून पाहणे, ब्रदरांशी बसून चर्चा करणे, जमले ते ठेवणे आणि न जमले ते काढणे, आणि शेवटी ते बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवणे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्यातून शाळा कशी चालवावी याविषयीचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक तयार झाले. त्याची १७०६ सालची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. छापील पुस्तक मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० साली, आव्हिन्यों येथे निघाले.

या पुस्तकातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मास्तराने गप्प बसण्याची कला. ब्रदरांच्या हातात लाकडाचे किंवा लोखंडाचे एक लहानसे साधन असे, त्यातून टिक असा आवाज निघे. वाचणारा मुलगा चुकला की मास्तराने बोलायचे नाही, टिक-टिक करायचे. मुलाने थांबून आपली चूक आपणच शोधायची. नाही सापडली तर दुसऱ्या मुलाला खूण करायची आणि त्याने बरोबर म्हणून दाखवायचे. मास्तराचा शब्द अगदी शेवटी. शाळेचे नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असत, एखादा नियम मोडला की मास्तर नुसते तिकडे बोट दाखवी. धर्मशिक्षणाच्या तासालाही मास्तराने प्रवचन द्यायचे नाही, सतत प्रश्न विचारायचे. प्रश्न छोटे हवेत, आधीच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायला हवा, आणि जी मुले मंद आहेत त्यांना सोपे प्रश्न अधिक वेळा विचारायला हवेत. नवीन शिक्षकांमधून कोणते दोष काढून टाकावेत याची एक यादीच त्यांनी दिली आहे. तिच्यात जिभेची खाज, म्हणजे सारखे बोलत राहण्याची सवय, हा दोष अगदी ठळकपणे नोंदवलेला आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा शिक्षकाविषयीचा विचार अभ्यासाला होता. वैद्य शरीराला बरे करीत नाही, शरीर स्वतःच्या शक्तीने बरे होते आणि वैद्य त्याला मदत करतो. तसेच शिक्षक ज्ञान विद्यार्थ्याच्या डोक्यात ओतत नाही. विद्यार्थ्याची बुद्धीच काम करते आणि शिक्षक तिला वाट दाखवतो. परीक्षेत मी हे उत्तर चांगले लिहिले होते. मात्र गुरुदीक्षा झाल्यावर पहिल्याच वर्षी दृढीकरणाच्या मुलांसमोर मी पाऊण तास बोलत राहिलो आणि शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले की फादर, आता प्रश्न आम्ही विचारायचे की तुम्ही? संत थॉमस यांचे म्हणणे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. ला साल यांच्या त्या टिक-टिक वाजणाऱ्या लाकडात हेच तत्त्वज्ञान आहे, फरक एवढाच की ते साठ मुलांच्या वर्गात वापरता येते.

दुसरी मोठी गोष्ट भाषेची. त्या काळी मुलांना वाचन शिकवायला सुरुवात होई ती लॅटिनपासून. लॅटिनमध्ये जसे लिहितात तसे वाचतात, म्हणून ते सोपे, असा समज होता. फादर जॉननी हा क्रम उलटा केला, आधी फ्रेंच आणि मग लॅटिन. शार्त्रच्या महागुरूंना हे पसंत नव्हते. त्यांना फादर जॉननी मुद्देसूद उत्तर दिले. जी भाषा मूल बोलते ती त्याला लवकर वाचता येते. गरिबाचे मूल दोन-तीन वर्षांत शाळा सोडून कामाला लागते. तेवढ्या अवधीत त्याला लॅटिन तर येत नाहीच आणि फ्रेंचही राहून जाते. फ्रेंच वाचता आले तर ते आयुष्यभर उपयोगी पडेल, धर्माची पुस्तकेही त्याला स्वतः वाचता येतील. हे वाचताना मला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. १६१६ साली राशोल येथे छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत आहे, ते याच जाणिवेतून. आपल्या घरांत इंग्रजी माध्यमाविषयी जे वाद होतात ते मी येथे उकरून काढीत नाही, मात्र महागुरूंना दिलेल्या त्या उत्तरातले पहिले कारण पालकांनी एकदा शांतपणे वाचावे.

मुले शाळेत जे शिकत ते बाहेर चालले पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता. शुद्धलेखन शिकवायचे ते करारपत्रे, पावत्या, भाडेचिठ्ठ्या आणि मजुरीचे करार उतरवून घेऊन. मग मुलांनी तसेच कागद स्वतः तयार करायचे. हिशोब शिकवायचे ते त्या वेळच्या चलनातले, बाजारात लागतील असे. १६९९ च्या सुमारास पॅरिसमध्ये सेंट सुलपीस धर्मग्रामात त्यांनी रविवारची एक शाळा सुरू केली. कामावर जाणाऱ्या, वीस वर्षांच्या आतील तरुणांसाठी ही शाळा होती. धर्मशिक्षणाबरोबर तिथे भूमिती, आरेखन आणि बांधकामाचे नकाशे शिकवले जात. सुतार आणि गवंडी यांच्या हाताखाली आठवडाभर राबणाऱ्या मुलाला रविवारी तेच काम डोक्याने समजून घेता यावे, असा हा घाट होता. कामगारांचे प्रशिक्षण हा आज मोठा व्यवसाय झाला आहे. त्यातील पुष्कळ वर्ग मी पाहिले आहेत. पडद्यावर चित्रांमागून चित्रे सरकत असतात आणि माणसे जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत असतात. त्या मुलांना रविवारी आराम सोडून शाळेत यावेसे का वाटले असेल, याचे उत्तर मला तरी आरेखनाच्या त्या तासात दिसते.

गैरहजेरीविषयीचे त्यांचे प्रकरण तर प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे. मूल शाळेत येत नाही याची कारणे त्यांनी वेगवेगळी केली आहेत. कधी कारण मुलात असते, कधी आईबापांत आणि कधी मास्तरात. मास्तर कोरडा असेल, मुलांना कसे जिंकावे हे त्याला कळत नसेल, सारखी शिक्षा करीत असेल तर मूल येणार नाही. आईबाप गरीब असतील आणि मुलाला कामाला लावत असतील तर त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, लिहिता-वाचता आल्याने मुलाला कोणतेही काम अधिक चांगले मिळेल हे त्यांना पटवून द्यायला हवे. गैरहजर मुलांच्या घरी जाऊन चौकशी करण्याचे काम काही विद्यार्थ्यांनाच दिलेले असे. वर्गातील इतरही कामे मुलांवर सोपवलेली असत. कुणी घंटा वाजवी, कुणी प्रार्थना सांगे, कुणी कागद वाटी, कुणी झाडलोट करी, कुणी किल्ली सांभाळी. प्रत्येक मुलाची एक नोंद ठेवायची, त्याचा स्वभाव, त्याच्या घरची स्थिती, तो कशाने उत्साही होतो आणि कशाने कोमेजतो. मूल दुसऱ्या मास्तराच्या वर्गात गेले की ती नोंद त्या मास्तराला उपयोगी पडे.

हे सर्व सांगताना एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. त्या पुस्तकात शारीरिक शिक्षेचे प्रकरणही आहे. मारच नको असे ते म्हणत नाहीत, त्या काळात तसे म्हणणारा क्वचितच कुणी सापडला असता. मात्र त्यांनी शिक्षेला एवढ्या अटी घातल्या की रागावलेल्या मास्तराचा हात बांधलाच जावा. रागाच्या भरात शिक्षा नाही, हाताने मारणे नाही, अपमानाचे शब्द नाहीत, आणि वारंवार शिक्षा करावी लागणे हे वाईट शिक्षकाचे लक्षण. आपल्या देशात शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलांना मारण्यावर बंदी आली. या बाबतीत कायदा आपल्या संतांच्या पुढे गेला आहे आणि ते चांगलेच झाले.

मास्तर घडवण्याचे त्यांचे काम मात्र आजही मागे पडलेले नाही. ब्रदर कुठेही एकटा पाठवायचा नाही, निदान दोघे तरी हवेत, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे लहान खेड्यांना ब्रदर देता येत नसत. त्यांनी त्यावर असा उपाय काढला की खेड्यांतील तरुणांना बोलावून घ्यायचे, त्यांना फुकट शिकवायचे, जवळच्या शाळेत त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकवून घ्यायचे आणि मग आपापल्या गावी परत पाठवायचे. १६८० च्या दशकात रीम्समध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांनी असे वर्ग चालवले. आजच्या डी.एड.च्या पाठ निरीक्षणाचे मूळ अशा ठिकाणी आहे. ब्रदरांनी दर महिन्याला त्यांना पत्र लिहून आपली अडचण कळवायची आणि त्यांनी उत्तर द्यायचे. त्यातली शंभराहून अधिक पत्रे टिकली आहेत. ब्रदरांपैकी एकाला, ब्रदर आन्री यांना, धर्मगुरू करावे म्हणून त्यांनी अभ्यासाला पाठवले होते. तो एकाएकी वारला. त्यानंतर त्यांनी ठरवले की या संघातील कुणीही धर्मगुरू होणार नाही. शिकवणे हे दुसऱ्या एखाद्या मोठ्या कामाची पायरी नाही. ब्रदरने आयुष्यभर शिक्षकच राहायचे. एका धर्मगुरूने असे ठरवावे, याचे मला फार कौतुक वाटते.

१६९१ हे वर्ष फार वाईट गेले. कित्येक ब्रदर सोडून गेले, काही वारले, फादर जॉन स्वतः गंभीर आजारी पडले. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला, पवित्र मारियेच्या समर्पणाच्या सणादिवशी, त्यांनी निकोलस व्हुयार आणि गाब्रिएल ड्रोलँ या दोघांबरोबर गुप्तपणे एक व्रत घेतले. आपण तिघेच उरलो, भीक मागावी लागली, नुसत्या भाकरीवर राहावे लागले, तरी हे काम सोडायचे नाही. पुढे यांपैकी एकाने, व्हुयारने, फादर जॉनची साथ सोडली. ड्रोलँ १७०२ साली रोमला गेला आणि तिथे एकटाच सव्वीस वर्षे टिकून राहिला.

पॅरिसमध्ये त्यांच्याविरुद्ध खटले चालले. पैसे घेऊन सुलेखन शिकवणाऱ्यांची एक संघटना होती. त्यांचे म्हणणे असे की या फुकट शाळांत पैसे देऊ शकणाऱ्यांची मुलेही बसतात आणि आमचे पोट मारले जाते. ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. शाळेच्या दारात गरीब आणि सधन अशी निवड करायला फादर जॉन तयार नव्हते. गरिबांची म्हणून वेगळी शाळा ठेवली तर तिच्यात येणारे प्रत्येक मूल कपाळावर गरिबीचा शिक्का घेऊन येईल, हे त्यांना दिसत होते. १७०४ साली शाळांवर छापे पडले, बाके आणि पुस्तके उचलून नेली गेली, दंड झाला. १७०५ साली त्यांनी आपले मुख्य ठाणे रुआंजवळ सेंट योन येथे हलवले. तिथे व्यापारी मंडळींच्या मुलांसाठी वसतिगृहाची शाळा आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी सुधारगृह अशी नवी कामे उभी राहिली.

सर्वांत मोठा घाव १७१२ साली बसला. एका श्रीमंत तरुणाने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी घर घ्यायला पैसे दिले होते. तो कायद्याने सज्ञान नव्हता. त्याच्या वडिलांनी खटला भरला आणि अज्ञान मुलाला फसवून पैसे काढल्याचा ठपका फादर जॉनवर आला. ते दक्षिणेकडे निघून गेले. तिथेही कामे फिसकटली, काही ब्रदरही त्यांच्यावर उलटले. हे सर्व आपल्यामुळेच बिघडते आहे, आपण बाजूला झालो तर बरे, असे त्यांना वाटू लागले. ग्रेनोबल येथे असताना तिथल्या ब्रदरला त्यांनी दुसऱ्या शाळा पाहायला पाठवले आणि त्याचा वर्ग स्वतः घेतला. ईशज्ञानाचा डॉक्टर, साठी ओलांडलेला, लहान मुलांना अक्षरे गिरवून देत होता आणि वर्ग सुटल्यावर त्यांना रांगेने चर्चमध्ये नेत होता. त्यांच्या आयुष्यातील हे दिवस मला सर्वांत प्रिय आहेत.

१७१४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसकडच्या ब्रदरांचे पत्र आले. त्यांनी विनंती केली नव्हती, आज्ञा केली होती. संघाला दिलेल्या आज्ञाधारकतेच्या वचनाची आठवण देऊन ताबडतोब परत येण्यास बजावले होते. ज्या मास्तरांना कधी काळी ते नोकराहून खालचे समजत होते, त्यांच्याच संघाची ही आज्ञा. त्यांनी ती मानली. १० ऑगस्टला ते पॅरिसला पोहोचले आणि ब्रदरांना विचारले की तुम्हाला माझ्याकडून काय हवे आहे. १७१७ साली ब्रदर बार्थलेमी यांची प्रमुख म्हणून निवड झाली आणि फादर जॉन साधे ब्रदर होऊन सेंट योन येथे राहू लागले. काही विचारायला आलेल्यांना ते ब्रदर बार्थलेमींकडे पाठवत.

मरणाच्या दोन दिवस आधी, स्थानिक धर्मगुरूंशी झालेल्या वादातून, रुआंच्या महागुरूंनी त्यांचे धर्मगुरू म्हणून असलेले अधिकार काढून घेतले. ७ एप्रिल १७१९ रोजी, शुभ शुक्रवारी पहाटे, त्यांचे निधन झाले. तेव्हा संघात सुमारे शंभर ब्रदर होते. १७२५ साली पोपनी संघाला मान्यता दिली. ती बातमी रोममध्ये ऐकायला ड्रोलँ अजून तिथेच होता. १९०० साली पोप लिओ तेरावे यांनी फादर जॉन यांना संतपद बहाल केले.

आपल्या धर्मशिक्षकांची पुढील बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर होईल. येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील गैरहजर मुलांची नावे आणि कारणे लिहून आणावीत. त्या बैठकीत मी बोलणार नाही, प्रश्न विचारणार आहे.

आपला,
धर्मगुरू